सुट्टीतील आठ रात्रींची जेवणे

मेच्या अखेरच्या आठवड्यात आम्ही दरवर्षी युरोपातल्या त्याच एका शहरात आठ रात्री मुक्कामाला जातो. यंदाचे हे दहावे वर्ष. शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे मांडायचे आहे ते, ज्याला एखाद्या परक्या शहराने वर्षानुवर्षे ओढ लावली आहे अशा कोणालाही लागू पडेल. विमानाची तिकिटे काढायला आणि राहण्याची जागा ठरवायला आम्हाला एक संध्याकाळ पुरते. रात्रीच्या आठ जेवणांचा आराखडा करण्यात मात्र फेब्रुवारी आणि मार्च असे दोन महिने जातात, आणि तो वेळ वाया गेला असे मला एकदाही वाटलेले नाही. दिवसभर आम्ही चौघे चार दिशांना असतो. मुलगी संग्रहालयात, नवरा नदीकाठी, सासूबाई बागेतल्या बाकावर आणि मी जुन्या पुस्तकांच्या दुकानांत. चौघे एका टेबलाभोवती समोरासमोर बसतो ते रात्रीच्या जेवणालाच, म्हणून ती वेळ नशिबावर सोडावी असे मला वाटत नाही.

पहिल्या दोन वर्षी आमची पद्धत साधी होती. नावाजलेल्या रेस्टॉरंटांची यादी करायची, ज्या रात्री जिथे जागा मिळेल तिथे बुकिंग करायचे आणि एकापाठोपाठ एक नाव खोडत जायचे. दुसऱ्या वर्षीच्या पाचव्या रात्री, सहाव्या की सातव्या पदार्थाची बशी समोर आली तेव्हा सासूबाईंनी चमचा खाली ठेवला आणि हळूच विचारले, "अगं, उद्या कुठे नुसतं गरम सूप आणि पाव मिळेल का गं?" त्या रात्रीचे जेवण उत्तम होते. चूक पदार्थांत नव्हती, क्रमात होती. सलग चार रात्री तीन-तीन तास चाललेल्या जेवणांनंतर पाचव्या रात्रीच्या उत्तम जेवणालाही चव उरत नाही. तेव्हापासून मी जेवणे निवडण्याआधी आठही संध्याकाळींचा क्रम मांडून घेते.

अशा याद्यांमागची मोजपट्टीही समजून घेण्यासारखी आहे. मिशेलिन या टायर बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीने १९०० साली मोटारीने फिरणाऱ्यांसाठी आपली मार्गदर्शिका काढली, १९२६ पासून चांगल्या रेस्टॉरंटांना तारा देण्यास सुरुवात केली आणि १९३१ मध्ये दोन व तीन ताऱ्यांची श्रेणी आणली. या ताऱ्यांचा अर्थ प्रवासाच्या भाषेत सांगितलेला आहे: एक तारा म्हणजे वाटेत थांबावे असे, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावे असे आणि तीन म्हणजे मुद्दाम तेवढ्यासाठी प्रवास करावा असे. एखाद्या वाटेने एकदाच जाणाऱ्याला ही मोजपट्टी उपयोगी आहे. पण जो दरवर्षी त्याच शहरात परत येतो, त्याला यंदा काही राहून गेले तर पुढच्या वर्षी ते करता येते. त्याने विचारायचे प्रश्न वेगळे असतात. इथे पुन्हा यावेसे वाटेल का, इथून मुक्कामापर्यंत रात्री दहाला चालत जाता येईल का, आणि इथे बोललेले टेबलाच्या पलीकडच्या माणसाला ऐकू येते का? तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण कानाला यंत्र लावणारे माणूस सोबत असले की टणक फरशी, उघड्या भिंती आणि उंच छत असलेल्या दालनात ते माणूस सगळ्या गप्पांतून बाहेर पडते. म्हणून मी रेस्टॉरंटच्या छायाचित्रांत आधी पडदे, गालिचे आणि टेबलावरची कापडे शोधते. आवाज शोषून घेणारे काहीही दिसले की माझा जीव भांड्यात पडतो.

माझ्या वहीत प्रत्येक संध्याकाळसाठी एक रकाना असतो. वर वार आणि तारीख, त्याखाली दुपारचा कार्यक्रम आणि मग मुक्कामापासून चालत लागणारी मिनिटे. रेस्टॉरंटचे नाव सर्वांत शेवटी लिहिले जाते.

पहिल्या रात्रीचा रकाना बहुतेक आपोआप भरतो. पश्चिमेकडे प्रवास केल्यावर तिथे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आमच्या शरीराच्या घड्याळात साडेदहा झालेले असतात, आणि ते घड्याळ साधारणपणे दिवसाला एखादाच तास सरकते. त्यात विमानाच्या केबिनमधील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका कमी आणि हवा अतिशय कोरडी असल्यामुळे नाक आणि घसा सुकलेला असतो. ज्या चवीसाठी एवढा खटाटोप करायचा ती त्या दिवशी नीट लागतच नाही. म्हणून पहिल्या रात्री मुक्कामापासून पाच मिनिटांच्या आत, ओळखीच्या आणि बुकिंग न लागणाऱ्या जागी, साडेसहाला जेवण. विमान उशिरा आले तरी कोणाची खुर्ची अडलेली नसते आणि रद्द केल्याचा दंडही भरावा लागत नाही.

मोठे जेवण मी चौथ्या रात्री ठेवते. तोवर झोप जागेवर आलेली असते आणि परतीच्या सामानाचा विचार अजून डोक्यात शिरलेला नसतो. अशा ठिकाणी शेफने आधीच ठरवलेला आठ-दहा छोट्या पदार्थांचा मेन्यू असतो आणि तो संपायला अडीच ते तीन तास लागतात, त्यामुळे त्या दिवशी दुपारी चौघेही अगदी हलके खातो आणि सासूबाई पाचपर्यंत विश्रांती घेतात. नवऱ्याचे दरवर्षीचे म्हणणे असे, की हेच जेवण दुपारी घ्यावे, कारण अनेक नामांकित रेस्टॉरंटांत दुपारचा मेन्यू लहान आणि बराच स्वस्त असतो. हिशेब म्हणून ते बरोबर आहे, आणि खर्च बेतात ठेवायचा असेल तर मी इतरांना हाच सल्ला देते. पण दुपारी जेवल्यावर पुढे काय पाहायचे, किती वाजता निघायचे याची चुळबुळ सुरू होते. रात्री मात्र जेवणानंतर काहीच उरलेले नसते आणि त्या निवांतपणासाठी मी दोन पैसे जास्त मोजायला तयार असते. पाचवी रात्र मग सूप आणि पावाची. सासूबाईंची ती मागणी आता आमच्या आराखड्याचा कायमचा भाग झाली आहे.

सहाव्या रात्रीचा रकाना कोराच राहतो. दिवसा फिरताना कोणाच्या तरी नजरेला एखादी जागा पडते, खिडकीतून आत बसलेली माणसे समाधानाने जेवताना दिसतात, बाहेर हाताने लिहिलेला फळा असतो. त्या जागेसाठी एक रात्र शिल्लक असली पाहिजे. मुलीला सापडलेल्या अशाच एका जागी आता आम्ही सलग चार वर्षे जातो आहोत.

रविवार आणि सोमवार मात्र आधी भरावे लागतात. बरीच रेस्टॉरंटे रविवारी रात्री किंवा सोमवारी बंद असतात, आणि उघडी राहणारी सगळ्यांनाच हवी असतात. मुक्कामात एखादी सार्वजनिक सुट्टी येत असेल तर तोही दिवस याच रांगेत धरावा आणि संकेतस्थळावरच्या वेळांवर न विसंबता फोन करून विचारावे.

आता बुकिंगविषयी, कारण आमची सर्वांत मोठी चूक तिथे झाली. एका वर्षी चौथ्या रात्रीसाठी जी जागा मनात होती तिथे बरोबर ६० दिवस आधी, सकाळी दहा वाजता टेबले खुली होत असत. आमची तारीख होती २८ मे, म्हणजे बुकिंगचा दिवस २९ मार्च. त्यांचे दहा म्हणजे आमचे दुपारचे अडीच, हा हिशेब मी फेब्रुवारीत करून ठेवला होता. दोन वाजून वीस मिनिटांनी मी वही, कार्ड आणि चहा घेऊन बसले, अडीचला पान उघडले आणि २८ तारखेच्या चौकोनावर करडी रेघ दिसली. तासाभरापूर्वीच सगळी टेबले गेली होती. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे नेली जातात. त्या दिवसानंतर त्यांचे दहा म्हणजे आमचे दीड होते आणि माझा हिशेब हिवाळ्यातल्या घड्याळाचा होता. मेअखेरच्या प्रवासासाठी ६० दिवस मागे मोजले की तारीख नेमकी या बदलाच्या आसपास येते, त्यामुळे ही चूक पुन्हा कोणाच्याही हातून होऊ शकते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे मागे जातात तेव्हा उलट घडते. जुन्या हिशेबाने बसणारा एक तास लवकर येऊन वाट पाहतो, त्याचे नुकसान होत नाही. आता मी मोबाईलवर त्या शहराचे घड्याळच लावून ठेवते आणि बुकिंगच्या वेळेचे रूपांतर करण्याच्या फंदात पडत नाही.

त्या वर्षी प्रतीक्षायादीत नाव घातले आणि आशा सोडून दिली होती. पण विनादंड रद्द करण्याची मुदत अनेक ठिकाणी जेवणाच्या २४ किंवा ४८ तास आधी संपते, आणि ज्यांचा बेत डळमळीत असतो ते लोक नेमके त्या मुदतीच्या तोंडावर बुकिंग सोडतात. २६ तारखेला संध्याकाळी आम्ही पुलावर उभे असताना संदेश आला: चौघांसाठी टेबल, सव्वासात वाजता. सव्वासात अशी अडनिडी वेळ का, हेही मला त्यानंतर कळले. सगळे पाहुणे आठलाच आले तर किचनवर एकदम ताण येतो, म्हणून बुकिंगे पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने वाटलेली असतात. आठचाच हट्ट न धरणाऱ्याला म्हणूनच जागा लवकर मिळते.

मी स्वतः मात्र दोन ठिकाणी एकाच रात्रीचे बुकिंग करून ठेवत नाही. अनेकजण ते करतात आणि शेवटच्या क्षणी एक सोडतात, किंवा सोडायचेही विसरतात. चोवीस खुर्च्यांच्या छोट्या जागेत चौघे न सांगता आले नाहीत तर त्या रात्रीचा सहावा हिस्सा रिकामा राहतो, आणि आणलेले मासे-भाज्या दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाहीत. अनामत रक्कम किंवा कार्डाचा तपशील आधी मागितला की पूर्वी मला राग येत असे; आता येत नाही.

मुलीला तिळाची अॅलर्जी आहे, त्यामुळे बुकिंगबरोबर एक ओळ नेहमी जाते आणि दोन दिवस आधी ती मी पुन्हा पाठवते. युरोपीय संघात १३ डिसेंबर २०१४ पासून अॅलर्जी आणणाऱ्या १४ घटकांची माहिती ग्राहकाला देणे रेस्टॉरंटांनाही बंधनकारक आहे आणि तीळ त्या चौदांत आहेत, तरीही मी केवळ कायद्यावर विसंबत नाही. त्या शहराच्या भाषेत लिहिलेला एक पुठ्ठ्याचा तुकडा मुलीच्या पर्समध्ये असतो आणि टेबलावर बसताक्षणी ती तो वेटरच्या हाती देते. तो तुकडा किचनमध्ये जातो आणि पहिल्या पदार्थाबरोबर परत येतो. एकदा त्याच्या कोपऱ्यावर पिठाचे बोट उमटलेले होते, आणि आत कोणीतरी तो खरोखर हातात धरून वाचला आहे हे पाहून मला फार बरे वाटले.

टेबल कोणते हवे तेही नम्रपणे लिहावे. मेअखेरीस त्या शहरात रात्री नऊनंतरही उजेड असतो आणि पश्चिमेला तोंड असलेल्या बाहेरच्या टेबलावर आठ वाजता ऊन सरळ डोळ्यांत येते, म्हणून आम्ही आत, भिंतीलगत आणि दारापासून दूर अशी जागा मागतो. दर वेळी मिळतेच असे नाही, पण लिहिल्यावर बहुतेक वेळा मिळते.

आठवी रात्र ठरलेलीच आहे. मुक्कामापासून आठ मिनिटांवर एका कुटुंबाचे छोटे रेस्टॉरंट आहे. तिथे ऑनलाइन बुकिंग नाही, दाराजवळच्या स्टुलावर कागदाचे रजिस्टर असते. पहिल्या वर्षी आम्ही तिथे पावसापासून आसरा घ्यायला शिरलो होतो. मालकीणबाई आता सासूबाईंचा हात धरून त्यांना खुर्चीपर्यंत नेतात, काठी घेऊन कोटांच्या खुंटीमागे उभी करतात, आणि निघताना ती न मागता हातात देतात. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. बिल दिल्यावर आम्ही पुढच्या वर्षीची तारीख सांगतो. गेल्या मे महिन्यात नव्या सालचे रजिस्टर अर्थातच आलेले नव्हते, म्हणून त्यांनी चालू रजिस्टरच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला तारीख लिहिली, त्यापुढे ४ हा आकडा आणि त्याशेजारी एका छोट्या काठीचे चित्र काढले. सासूबाईंनी चष्मा लावून ते नीट पाहिले आणि मान डोलावली.

यंदाच्या वहीत मी सर्वांत आधी तोच आठवा रकाना भरला आहे.