बालेवाडीतले बारा दिवस: मुलींच्या फुटबॉल कॅम्पमधून

कॅम्प बालेवाडीला असेल आणि तुम्ही कोल्हापूर-साताऱ्याकडून येणार असाल, तर स्वारगेटला उतरू नका. आम्ही उतरलो. पाच मुली, दहा बॅगा आणि संध्याकाळचे सहा वाजलेले. कोल्हापूरहून पुण्याला यायला लागला नाही एवढा वैताग स्वारगेट ते बालेवाडी या टप्प्यात झाला. त्यापेक्षा मुंबईला जाणारी एसटी धरा. ती कात्रजवरून बाह्यवळणाने जाते आणि शिवछत्रपती क्रीडासंकुल त्याच महामार्गाला लागून आहे. कंडक्टरला साताऱ्यातच सांगून ठेवायचं. मार्च २०२३ पासून बायकामुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे स्वस्तातही पडतं.

सीनियर महिलांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेला आता राजमाता जिजाबाई करंडक म्हणतात. त्या स्पर्धेआधीच्या राज्य संघाच्या सराव शिबिराला मी मॅनेजर म्हणून गेले होते. मी शाळेत पी.टी. शिकवते. मॅनेजर म्हणजे फुटबॉल सोडून बाकी सगळं. मैदानावर रोज साडेतीन-चार तास जातात, ते कोच बघतात. उरलेले वीस तास माझे.

डिसेंबर होता. साडेपाचला उठायचं, सहाला केळं आणि चार भिजवलेले बदाम, साडेसहाला मैदान. दवाने गवत इतकं ओलं की दहा मिनिटांत मोजे गच्च. म्हणून मोज्यांच्या किमान सहा जोड्या द्या, आणि दोरी व चिमटे द्या. चिमटे कुणीच देत नाही! वसतिगृहाच्या गॅलरीत तीस मुलींचे कपडे वाळत असतात आणि वारा सुटला की सगळ्यांचं सगळं एक होतं.

सुरुवातीची वीस मिनिटं फिफाचं ‘इलेव्हन प्लस’, म्हणजे दुखापत टाळण्यासाठीचा वॉर्म-अप. आठ मिनिटं सावकाश धावणं, दहा मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, शेवटची दोन मिनिटं जोरात धावणं. पंधरा व्यायाम, रोज तेच. मुली कंटाळतात. पण उडी मारून उतरताना गुडघा आत वळतो का, हे कोच एकेकीचं बघत होते. गुडघ्यातला एसीएल लिगामेंट फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा बरंच जास्त आहे, आणि तो एकदा गेला की नऊ-दहा महिने कुठे जातात कळत नाही. घरच्या मैदानावर हा सराव करून घेत नसतील तर आजपासून सुरू करा. त्याला साहित्य काहीच लागत नाही.

पहिल्याच दिवशी चौघींच्या टाचांना फोड आले. कारण एकच: कॅम्पसाठी म्हणून घरच्यांनी कौतुकाने घेतलेले कोरे बूट. नवे बूट घ्यायचेच तर निदान तीन आठवडे आधी घ्या, आणि जुना जोडही बॅगेत टाका. सकाळी खरं गवत आणि संध्याकाळी टर्फ असा प्रकार असेल तर लांब स्टडचे (तळाला खुंट्या असलेले) बूट टर्फवर गुडघ्याला त्रास देतात, हे कोचना विचारून घ्या. शिनगार्ड, म्हणजे नडगीवर बांधायच्या पट्ट्या, उसने मागायची वेळ आणू नका, ते नसतील तर सामन्यात रेफरी आत सोडत नाही.

जेवण हा नाजूक विषय. मेसमधल्या आमटीत गूळ होता. आमच्या पाचही जणींनी पहिला घोट घेऊन माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच घातला. तिसऱ्या दिवशी एकीच्या बॅगेतून कांदा-लसूण मसाल्याची बरणी निघाली आणि ती एकदम लोकप्रिय झाली. मी डोळेझाक केली. एरवी मात्र अंडी, उसळ, कोंबडी, भात, दही असं पोटभर आणि वेळेवर होतं. लाडूचे डबे पाठवा, चिवडा-फरसाण नको. हिमोग्लोबिनची तपासणी घरूनच करून या. ते कमी असलं की पोरगी सत्तराव्या मिनिटाला बसते आणि सगळे म्हणतात, स्टॅमिना नाही.

औषधांचं मात्र कडक आहे. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं, आणि स्पर्धेच्या काळात ते ठराविक मात्रेपुढे गेलं की डोपिंगमध्ये धरतात. आईने प्रेमाने दिलेली पुडी असो की काढा, आधी डॉक्टरांना दाखवायचं.

पाळीच्या तारखा मी वहीत लिहून ठेवत होते. पहिल्या दिवशी लाजल्या, चौथ्या दिवशी स्वतःहून सांगायला लागल्या. सरावाला गडद रंगाच्या चड्ड्याच द्या. २०२३च्या विश्वचषकाआधी इंग्लंडच्या मुलींनीसुद्धा पांढऱ्या सोडून निळ्या घेतल्या, मग आपण कशाला हट्ट धरायचा?

दुपारी दोन तास सक्तीची झोप. झोपतं कोण! खोल्यांतून महाराष्ट्राची बोली ऐकायची ती तेव्हा. आमची गोलकीपर म्हणाली, “मी आलो गं, दार उघड.” आतल्या नागपूरच्या मुलीने दारच उघडलं नाही, कुणी मुलगा आलाय वाटून. शेवटी आतून उत्तर आलं, “मी झोपून राहिली ना!” मैदानावर मात्र सगळ्यांची भाषा एक. ‘मॅन ऑन’ (मागे कुणीतरी आहे), ‘टाइम’ (वेळ आहे), ‘टर्न’ (वळ), ‘स्विच’ (चेंडू दुसऱ्या बाजूला टाक). जी ओरडत नाही तिला कोच बाहेर बसवतात. घरी “मुलीच्या जातीनं हळू बोलावं” ऐकून आलेल्यांना हेच सर्वांत जड जातं.

मोबाइल रात्री साडेनऊला माझ्या पिशवीत. त्याआधी जेवणाच्या टेबलावर एकच क्लिप पुन्हा पुन्हा चालायची: ५ जुलै २०२५, चियांग माई, थायलंडवर २-१ विजय, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्या सामन्यानेच भारताच्या मुली २०२६च्या आशियाई चषकात पोचल्या. याच बालेवाडीत २०२२च्या आशियाई चषकाचे सामने झाले होते, हे मात्र निम्म्या मुलींना माहीत नव्हतं. आपला संघ तेव्हा नवी मुंबईत खेळत होता. इराणशी गोलशून्य बरोबरी झाली, आणि मग कोरोनामुळे तैवानविरुद्ध उतरायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत.

एका रविवारी सुट्टी. कसबा गणपती, लाल महाल, मग तुळशीबाग. लाल महालाची आताची वास्तू नंतर बांधलेली आहे. तिथे बुलढाण्याच्या मुलीने जाहीर केलं, “जिजाऊ आमच्या सिंदखेडराजाच्या, करंडक आमचाच.” तुळशीबागेत हेअरबँडवरून तासभर घासाघीस झाली. चालणं जास्त झालं, दुसऱ्या दिवशी पाय जड. कोच माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत. सुट्टीला फार तर अर्धा दिवस फिरवा.

दहाव्या दिवशी यादी वाचली. घरी जाणाऱ्या मुलींच्या तिकिटाची सोय आधीच करून ठेवा, हे मी अनुभवाने सांगते. यादीनंतर फोन लावत बसलं की ती मुलगी शेजारी उभी राहून सगळं ऐकते. एकीला मी रात्री महामार्गावर सोडायला गेले. बस यायला चाळीस मिनिटं लागली. ती आठ वेळा बोलली असेल, त्यातलं सहा वेळा तिच्या बुटांबद्दल.

कागदपत्रं: जन्मदाखला, आधार, सीआरएस (फुटबॉल महासंघाची खेळाडू नोंदणी) नंबर आणि फोटो. प्रत्येकाच्या तीन प्रती, प्लास्टिकच्या फाइलमध्ये. आणि डासांची कॉइल विसरू नका.

खोल्या रिकाम्या करताना सात सुटे मोजे सापडले. सहांचे मालक मिळाले. निळा, डाव्या पायाचा, वर ‘९’ शिवलेला अजून माझ्याकडे आहे.