गिटारच्या तारांची तुलना आणि एका बनावट पाकिटापायी गेलेले सहा आठवडे

‘उघडलेलं पाकीट परत घेतलं जात नाही.’ जून-जुलैमध्ये सहा आठवडे ऑनलाइन खरेदीच्या ॲपकडून मी हे एकच वाक्य ऐकलं. अजून आठवलं तरी डोकं तापतं. गिटारची तार अस्सल की बनावट, हे पाकीट उघडल्याशिवाय कळतच नाही. आणि उघडलं की परत घेत नाहीत. मग गिऱ्हाइकाने करायचं काय?

मी रत्नागिरीत राहतो. घरापासून समुद्र चालत वीस मिनिटांवर, हाताला घाम मूळचाच जास्त आणि गिटार साधी, यामाहाची एफ-३१०. पावसाळा लागला की तारा पंधरा दिवसांत काळवंडायच्या, दरवर्षी. या वर्षी ठरवलं, चार कंपन्यांच्या तारा त्याच गिटारवर एकामागून एक चढवायच्या, मोबाइल त्याच स्टुलावर ठेवून पहिल्या, सातव्या आणि विसाव्या दिवशी जी मेजर वाजवून रेकॉर्ड करायचा, आणि कुठल्या तारा आपल्या हवेत टिकतात ते एकदाचं बघून घ्यायचं. डॅडारिओ, एलिक्सिर, अर्नी बॉल आणि मार्टिन. फेब्रुवारीत सुरुवात केली. मुलीच्या दहावीच्या परीक्षेमुळे मार्च सगळा तसाच गेला.

मुंबईला गेलो होतो तेव्हा धोबीतलावला जेर महालातल्या फुर्ताडो या वाद्यांच्या दुकानातून तीन सेट आणले होते. त्यांत काही अडचण आली नाही. चौथा, म्हणजे डॅडारिओचा ईजे-१६, त्या दिवशी घ्यायचा राहिला, आणि तेवढ्यासाठी पुन्हा मुंबई नको म्हणून ऑनलाइन मागवला. दुकानात हाच सेट साडेसहाशेच्या घरात होता, इथे दोनशे नव्याण्णव. इथेच थांबायला हवं होतं. एवढा स्वस्त का, हे विचारायला कोणी समोर नव्हतं, आणि माझ्या मनातही तेव्हा आलं नाही.

पाकीट हुबेहूब होतं. डॅडारिओच्या तारांना टोकाला रंगीत मणी असतात, कुठली तार कितवी ते त्यावरून कळतं: पहिली चंदेरी, दुसरी जांभळी, तिसरी हिरवी, चौथी काळी, पाचवी लाल, सहावी पितळी. ते सगळे रंग होते, म्हणून शंका आली नाही. तारा चढवल्या, सूर लावला आणि बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गळ्यावरची धातूची आडवी पट्टी) सहावी तार दाबली. ट्यूनरचा काटा उजवीकडे. त्याच जागी हार्मोनिक वाजवला, म्हणजे तार न दाबता नुसतं बोट टेकवून छेडली, तर बरोबर मध्यावर. सहाव्या तारेचा सूर बाराव्या फ्रेटवर चढा लागत होता, आणि थोडाथोडका नव्हे, वीस सेंटच्या आसपास (शंभर सेंट म्हणजे एका फ्रेटचं अंतर). आधीच्या तीन सेटना याच गिटारवर हा त्रास नव्हता, म्हणजे गिटारचा दोष नाही.

तरी दोन दिवस मी स्वतःलाच दोष देत होतो. तिसऱ्या दिवशी मेहुणा आला. तो कारखान्यात फिटर आहे. त्याने तार हातात घेऊन बोटांतून ओढली आणि म्हणाला, “भावोजी, ही एकसारखी नाहीये.” दुसऱ्या दिवशी मायक्रोमीटर घेऊन आला. ईजे-१६ ची पहिली तार ०.०१२ इंच, म्हणजे ०.३०५ मिलिमीटर असायला हवी. आमची एका टोकाला ०.३१ आणि मधल्या भागात ०.३३.  सहाव्या तारेची गुंडाळी, म्हणजे आतल्या तारेवर गुंडाळलेली बारीक तार, मणी संपतो तिथे नखाने हलत होती. सगळी लांबी सारख्या जाडीची नसेल तर तार नीट कंप पावत नाही, आणि फ्रेट दाबल्यावर स्वर चुकीच्या जागी पडतो. तुम्ही कितीही सूर लावा, उपयोग नाही.

मग आतल्या पिशवीवरचा कोड सापडला. डॅडारिओच्या खऱ्या सेटमध्ये प्रत्येक पाकिटाचा वेगळा कोड असतो आणि तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून माल अस्सल आहे का ते बघता येतं. त्यांच्या तारांच्या नकला जगभर होतात, म्हणूनच त्यांनी ही सोय केली आहे. मी टाकला. अवैध. पुन्हा टाकला, शून्य की इंग्रजी ओ, सगळे प्रकार करून बघितले. अवैधच.

इथून पुढे सहा आठवडे.

पहिल्यांदा ॲपवर तक्रार टाकली. उत्तर लगेच आलं: उघडलेलं पाकीट परत घेतलं जात नाही. मी लिहिलं, कोड पाकिटाच्या आत आहे, न उघडता तो दिसणार कसा? त्यावर पाकीट उघडतानाचा व्हिडिओ मागितला. तारांचं पाकीट उघडताना कोण व्हिडिओ काढतं? फोटो पाठवले, कोडचा स्क्रीनशॉट पाठवला, मायक्रोमीटरचा फोटो पाठवला. तीन दिवसांनी संदेश आला, आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे, कृपया अभिप्राय द्या. निराकरण काहीच झालं नव्हतं. तक्रार आपोआप बंद केली होती.

नवी तक्रार टाकली की नवा माणूस. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं, गिटार म्हणजे काय इथपासून. एक बाई खरंच नम्र होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, परत घ्यायची मंजुरी दिली आणि म्हणाल्या, “सर, आता काळजी करू नका, उद्या पिकअप होईल.” मला इतकं हायसं वाटलं की घरी सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पिकअपवाला मुलगा आला. भर पावसात, अंगावर प्लास्टिकचा रेनकोट, हातात फोन. मी पाकीट दिलं. त्याने पारदर्शक पिशवीतून बघितलं, कापलेल्या कडेवर अंगठा फिरवला आणि म्हणाला, “काका, सील तुटलंय. मला फोनवर ‘सील आहे का’ असा प्रश्न येतो, ‘नाही’ दाबलं की पुढे जातच नाही.” त्याने स्क्रीन माझ्यासमोर धरला. खरंच दोनच पर्याय होते, आणि ‘नाही’वर पिकअप रद्द होत होता. त्या पोराचा काय दोष? त्याला चहा दिला. संध्याकाळी मला संदेश आला: ग्राहकाने वस्तू देण्यास नकार दिल्यामुळे पिकअप रद्द.

ग्राहकाने नकार दिला! मी पाकीट हातात घेऊन दारात उभा होतो.

पुन्हा तक्रार, पुन्हा मंजुरी, पुन्हा पिकअप. आठ दिवसांनी दुसरा मुलगा आला, तोच प्रश्न, तोच रद्द. मग विक्रेत्याचं उत्तर आलं, की तारा ही वापरून संपणारी वस्तू आहे, ती परत घेत नाहीत, आणि बनावट असल्याचं कंपनीचं पत्र आणा. म्हणजे दोनशे नव्याण्णव रुपयांच्या सेटसाठी मी डॅडारिओच्या न्यूयॉर्कच्या कारखान्याकडून पत्र आणायचं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशांसाठी नाही. आपण खरं बोलत असताना कुणी ऐकत नाही, याचा राग जास्त होता. घरात बायको म्हणत होती, “सोडा आता, दुसरा सेट आणा.” ती चूक नव्हती, पण मला सोडवेना.

सुटलं ते असं, आणि हे नीट वाचा, कारण मला हे पाचव्या आठवड्यात कळलं. २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम आहेत, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालचे. त्यानुसार अशा प्रत्येक संकेतस्थळाला तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि निवारण एका महिन्यात करायचं. आणि मुख्य म्हणजे, माल सदोष किंवा बनावट असेल तर तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही. ‘उघडलेलं पाकीट’ वगैरे त्यांचा स्वतःचा नियम झाला, कायदा त्याच्यावर.

त्या अधिकाऱ्याचा ईमेल संकेतस्थळाच्या अगदी तळाला बारीक अक्षरात होता. चॅट-बिट सोडून थेट त्याला लिहिलं. मेल छोटा ठेवला: तारीख, ऑर्डर क्रमांक, बनावट असल्याचे तीन पुरावे, दोन रद्द पिकअप, नियमाचा उल्लेख. राग एका शब्दानेही आणला नाही. त्याच दिवशी १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. तिथे मराठीत बोलता येतं. तक्रारीचा क्रमांक मिळाला, तोही त्याच मेलला जोडला. दुसऱ्या दिवशी पोच आली. पाचव्या दिवशी फोन आला, वस्तू परत द्यायची गरज नाही, पैसे ॲपच्या वॉलेटमध्ये टाकतो. मी म्हटलं, ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात हवेत. २४ जुलैला आले. मेसेज वाचून मी मुलीला हाक मारली आणि दोघांनी पेढे खाल्ले. दोनशे नव्याण्णवपेक्षा पेढ्यांचे जास्त झाले असतील.

पहिल्या दिवसाचे सगळे स्क्रीनशॉट मी ठेवले होते म्हणून हे जमलं. विक्रेत्याचं पान नंतर गायबच झालं, त्यामुळे वस्तूचं वर्णन, किंमत आणि विक्रेत्याचं नाव मागवतानाच टिपून ठेवा.

आता तारांबद्दल, ज्यासाठी हे सुरू केलं. ऑगस्टमध्ये मावसभावाकडून धोबीतलावहूनच खरा ईजे-१६ मागवला, कोड टाकला, लगेच स्वीकारला गेला, आणि राहिलेली चाचणी पूर्ण केली.

पाकिटावर दोन प्रकार दिसतात. ८०/२० ब्राँझ म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त, म्हणजे आपल्या भाषेत सरळ पितळ. फॉस्फर ब्राँझ म्हणजे तांब्यात साधारण ८ टक्के कथील आणि किंचित फॉस्फरस. हे काशाच्या जवळचं. पितळी तारा पहिल्या दिवशी लख्ख वाजतात, फॉस्फरच्या जरा गोलसर, उबदार. हा फरक डोळे मिटूनही ओळखू येतो. माझ्या चारांत फक्त अर्नी बॉलची अर्थवूड ८०/२० होती आणि मला तिचा पहिल्या दिवसाचा आवाज सगळ्यांत आवडला. पण डॅडारिओ आणि मार्टिन, दोन्ही फॉस्फर, यांच्यातला फरक मुलीने नावं लपवून रेकॉर्डिंग ऐकवलं तेव्हा मला दहापैकी सहा वेळाच ओळखता आला. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. धातू आणि जाडी आधी ठरवा, कंपनी नंतर.

जाडीवरून आठवलं. ‘लाइट’ हा शब्द वाचून सेट घेऊ नका, आकडे वाचा. डॅडारिओ आणि एलिक्सिरचा लाइट १२-५३ (म्हणजे पहिली तार ०.०१२ इंच, सहावी ०.०५३), मार्टिनचा १२-५४, पण अर्थवूडचा लाइट ११-५२. मी १२-५४ हवा म्हणून त्यांचा मीडियम लाइट घेतला. १२ चा सेट सुरात लावला की सहा तारा मिळून गळ्यावर सत्तर किलोंच्या आसपास ताण येतो. बोटं नवीन असतील तर १० किंवा ११ पासून सुरू करा.

टिकण्याच्या बाबतीत मात्र वाद नाही. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, तसाच घाम आणि खारी हवा तारेच्या गुंडाळीत शिरते. तिथे मळ साठला की वरचे बारीक स्वर मरतात आणि आवाज बोथट होतो. भांड्याला आपण कल्हई करतो, तसं एलिक्सिरच्या तारेवर बारीकसं पॉलिमरचं अस्तर असतं. ते बनवणारी गोर ही कंपनी गोर-टेक्स हे रेनकोटचं कापड बनवणारीच. माझा सेट त्यांच्या नॅनोवेब या अस्तराचा होता; त्याच्या विसाव्या दिवसाचं रेकॉर्डिंग मला सातव्या दिवसासारखं ऐकू आलं, आणि ती चाचणी जूनच्या आधीच्या घामट मे महिन्यातली होती. किंमत जवळजवळ दुप्पट, पण माझ्यासारख्या हातांना आणि या हवेला परवडते. बोटाला पहिले दोन दिवस जरा गुळगुळीत लागतात, मग सवय होते.

कोटिंग नसलेल्या तारा घ्यायच्या असतील तर वाजवून झालं की जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने तारेच्या खालूनही पुसा. नुसतं वरून पुसून भागत नाही, मळ खालीही साठतो. आणि गुंडाळीची तार कापायच्या आधी खुंटीशी काटकोनात वाकवून घ्या, नाहीतर गुंडाळी सैल होऊन तार तिथेच मरते. हे मी एक महाग सेट घालवून शिकलो.

सध्या गिटारवर एलिक्सिर आहे, चढवल्याची तारीख हेडच्या मागे कागदाच्या पट्टीवर पेन्सिलने लिहिली आहे. बनावट सेटची सहावी तार मायक्रोमीटरच्या फोटोसह केसच्या खणात ठेवली आहे. मुलीच्या क्लासातली मुलं येतात, तेव्हा त्यांच्या हातात देतो आणि बोटांतून ओढून बघायला सांगतो.