केशरी गळ्याचा हिवाळी पाहुणा

ऑक्टोबर उजाडला की मला वेध लागतात ते रेड ब्रेस्टेड फ्लायकॅचरचे, म्हणजे लाल छातीच्या माशीमारचे. चिमणीपेक्षा लहान, वजन जेमतेम 10 ग्रॅम, आणि येतो कुठून तर पोलंड, रशिया तिकडच्या जंगलांतून! युरोपातले कितीतरी छोटे पक्षी थंडीत आफ्रिकेत जातात, हा मात्र आपल्याकडे वळतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतो, अगदी पुण्या-मुंबईतल्या बागांमध्येसुद्धा. मला तर हे दरवर्षी नव्याने भारी वाटतं.

नराचं डोकं राखाडी आणि हनुवटीपासून छातीच्या वरच्या भागापर्यंत मस्त केशरी रंग, उन्हाची तिरीप पडली की नजर हटत नाही. सगळ्यांना फोटो याचाच हवा असतो. पण मादीला हा रंग नसतोच, आणि पहिल्या वर्षाचे नरही मादीसारखेच मातकट दिसतात, त्यामुळे आपल्या डोळ्यांसमोर असतात त्यातले बरेचसे साधे तपकिरीच असतात आणि लोक कॅमेरा खाली करून पुढे निघून जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. अहो तो बिनरंगाचा पण तेवढाच लांबून आलाय ना!

ओळखायचा कसा, तर शेपटी बघा. काळी शेपटी, बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे, आणि ती सारखी वर उडवत असतो. आवाज म्हणजे कोरडा ट्र्र्र्र, एकदा कानात बसला की पक्षी दिसायच्या आधीच कळतं.

याचा एक जवळचा भाऊबंद आहे, टायगा फ्लायकॅचर, सायबेरियाकडचा, आधी दोघांना एकच जात मानायचे. त्याचा केशरी रंग फक्त गळ्यापुरता, खाली राखाडी छाती, आणि हिवाळ्यात त्याचा तो रंग जातो, आपल्या पाहुण्याच्या मोठ्या नराचा मात्र वर्षभर टिकतो. चोच पण बघा, टायगाची पूर्ण काळी, याची खालची चोच बुडाशी फिकट. आणि पाठ निळी दिसली तर तो टिकेल्स ब्लू फ्लायकॅचर, तो इथलाच, वर्षभर राहणारा.

दुर्बीण नसली तरी चालेल, वड-आंब्याच्या दाट सावलीत सकाळी थोडं थांबा, फांदीवरून उडून किडे पकडत असतो.