तुमच्या लाइनमध्ये काही होईल का?

“ताई, मुलीला फिरायची भारी आवड आहे. तुमच्या लाइनमध्ये तिचं काही होईल का?” ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या टूर्सच्या ऑफिसात बुकिंगला आलेले आईवडील हे हमखास विचारतात. 25 डिसेंबर 2025 ला नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडायला लागल्यापासून तर जास्तच. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

होईल, पण नुसत्या आवडीवर नाही. इथे फिरतो तो पर्यटक. आपण त्याच्या फिरण्याची काळजी वाहायची. म्हणून पहिली नोकरी टूर मॅनेजरची शोधू नका, व्हिसाच्या टेबलावरची शोधा. जाहिरातीत ते टेबल दिसत नाही, पण टूर तिथेच उभी राहते नाहीतर तिथेच अडकते.

दुबईचंच घ्या. आडनावाचा रकाना रिकामा असलेले पासपोर्ट आपल्याकडे बरेच असतात. नोव्हेंबर 2022 मध्ये अमिरातीने अशा एकेरी नावावर पर्यटक व्हिसा देणं थांबवलं. मग पासपोर्टवर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव नोंदलेलं असेल तर चालेल, अशी सवलत दिली. पासपोर्ट उघडताक्षणी हे जिच्या लक्षात येतं, तिला कुठलंही ऑफिस सोडत नाही. युरोपचं आणखी वेगळं. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज जिथे मुक्काम जास्त त्या देशाकडे करायचा, विमा किमान 30,000 युरोचा हवा, परतीनंतरही पासपोर्ट तीन महिने चालायला हवा. आणि प्रवासाच्या सहा महिन्यांआधी अर्ज घेतच नाहीत. म्हणजे मे महिन्याच्या टूरची घाई दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच सुरू!

त्यातच आयुष्यात पहिल्यांदा परदेशी निघालेले निवृत्त आजीआजोबा समोर बसतात. बँकेचं स्टेटमेंट कशाला दाखवायचं, असं त्यांना वाटतं. त्यांचा मान राखून, साध्या मराठीत समजावता येणं मी कुठल्याही सर्टिफिकेटच्या वर मानते.

आयाटाचा, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, कोर्स केलात तर चांगलंच, पण त्यासाठी कर्ज काढू नका. अमेडिअस किंवा गॅलिलिओ या बुकिंगच्या संगणक-प्रणालींवर तिकीट काढायला मात्र शिकून घ्या. ते आलं की ऐरोली-महापेच्या कंपन्यांची तिकिटं सांभाळणाऱ्या कॉर्पोरेट डेस्कचीही वाट मोकळी होते. दोन-तीन सीझन टेबलावर काढले की टूरवर जा. वाटेत कुणाचा पासपोर्ट हरवला, विमान चुकलं, तर काय करायचं हे तोवर अंगात भिनलेलं असतं. सुरुवातीचा पगार कमीच असतो, हे मुलीला आधीच सांगा.

एका गोष्टीची मला फार काळजी वाटते. विमानतळावर नोकरीला लावून देतो, आधी अनामत भरा, असं कुणी म्हणालं तर उठून या. तिथे आत काम करायला पोलीस पडताळणी होते, अनामत कसली? क्रूझवर पाठवणाऱ्या एजंटकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज वाहतूक खात्याचा, परवाना लागतो आणि परदेशातल्या इतर नोकऱ्यांचे एजंट ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर तपासता येतात. पैसे देण्याआधी हे बघाच.

आणि अर्ज जानेवारीत टाका. उन्हाळी टूर्ससाठी माणसं तेव्हाच लागतात. एप्रिलमध्ये आलात तर शिकवायला कुणालाही वेळ नसतो.