नवीन कर्नल टाकला, पिंग जातंय पण साइट उघडेना

लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, स्वतः कंपाइल करायचं बरेच दिवस डोक्यात होतं. डिस्ट्रोच्या (उबंटूसारख्या तयार लिनक्सच्या) कर्नलसोबत हजारो मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरसारखे लागतील तेव्हा लोड होणारे तुकडे, येतात, आपल्या मशीनला लागतात थोडीच, म्हणून मेक लोकलमॉडकॉन्फिग वापरलं. ही कमांड एलएसमॉडमध्ये (लोड झालेल्या मॉड्यूलची यादी) त्या क्षणी जी मॉड्यूल लोड झालेली दिसतात तेवढीच ठेवते, बाकीची कॉन्फिगमधून, म्हणजे बिल्डच्या सेटिंगमधून, काढते. कंपाइल झालं, रीबूट केलं, वायफाय लागलं, आयपी मिळाला, आणि ब्राउझरमध्ये एकही साइट उघडेना.

पिंग 8.8.8.8 ला (गूगलचा डीएनएस सर्व्हर) उत्तर येत होतं. नावाने पिंग केलं की बराच वेळ नुसतं थांबायचं आणि मग एरर. म्हटलं डीएनएसच आहे, म्हणजे साइटच्या नावावरून आयपी शोधण्यातच गडबड. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये (डीएनएस कोणाला विचारायचं ते सांगणारी फाइल) 127.0.0.53 होतं म्हणजे सिस्टमडी-रिझॉल्व्हड, मशीनवरचीच नावं शोधून देणारी सर्व्हिस, तर ते रीस्टार्ट केलं, मग फाइल हाताने लिहिली, नावं कुठेकुठे शोधायची ते ठरवणारी एनएसस्विच डॉट कॉन्फ पण बघून झाली, काही फरक नाही. शेवटी डिगने (डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड) थेट 8.8.8.8 लाच विचारलं तरी टाइमआउट, म्हणजे रिझॉल्व्हडचा दोष नव्हता. आणि जुन्या कर्नलवर गेलं की सगळं सुरळीत.

खरा धागा मिळाला टीसीपीडंपमधून, ते येणारी-जाणारी नेटवर्क पॅकेट दाखवतं. एका टर्मिनलवर डीएनएसचा पोर्ट 53 बघत बसलो, दुसऱ्यावर डिग चालवलं, तर प्रश्न बाहेर जाताना दिसला आणि उत्तर परत आलेलंही दिसलं! उत्तर मशीनपर्यंत पोचतंय, पण डिगपर्यंत नाही. टीसीपीडंपला आत येणारं पॅकेट फायरवॉलच्या आधीच दिसतं, त्यामुळे संशय घ्यायला एकच जागा उरली. आयपीटेबल्सचे, म्हणजे फायरवॉलचे, रूल काउंटरसकट बघितले, इनपुट चेनची (आत येणाऱ्या पॅकेटचे रूल) पॉलिसी ड्रॉप, म्हणजे कुठल्याच रूलमध्ये न बसणारं पॅकेट टाकून द्यायचं, आणि दर डिगला तिथला आकडा वाढत होता.

माझी फायरवॉलची स्क्रिप्ट आधी सगळं ड्रॉप करते, मग लूपबॅक (मशीनचं स्वतःशीच बोलणं) आणि आयसीएमपी (पिंग ज्यावर चालतं तो प्रोटोकॉल) उघडते, आणि शेवटी कॉनट्रॅकने, म्हणजे कनेक्शनवर नजर ठेवणाऱ्या कर्नलच्या भागाने, आपणच सुरू केलेल्या कनेक्शनची उत्तरं आत घेते. ही शेवटची ओळच नव्या कर्नलवर फेल होत होती, बूटच्या लॉगमध्ये एरर होती, मी ती आधी बघितलीच नव्हती. लोकलमॉडकॉन्फिग चालवलं त्या दिवशी दुसऱ्या एका टेस्टसाठी फायरवॉल बंद ठेवून बूट केलेलं, त्यामुळे कॉनट्रॅकची मॉड्यूल लोडच नव्हती आणि कॉन्फिगमधून गेली. पिंग आयसीएमपी म्हणून सुटलं, आयपी मागणारा डीएचसीपी क्लायंट रॉ सॉकेटवर, म्हणजे फायरवॉलच्या आधीच, ऐकतो म्हणून आयपी मिळाला. खरं तर साइट ज्यावरून येतात ते टीसीपीही बंदच होतं, फक्त नावच सापडत नसल्यामुळे ब्राउझर तिथपर्यंत पोचतच नव्हता. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण दिसत होतं डीएनएस आणि बिघाड होता भलतीकडेच.

मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नलच्या सेटिंगचा मेन्यू) नेटफिल्टरखाली, म्हणजे कर्नलच्या फायरवॉलच्या भागात, कनेक्शन ट्रॅकिंग आणि ते आयपीटेबल्सच्या रूलमध्ये वापरू देणारं कॉनट्रॅक मॅच, दोन्ही चालू केले. नुसती मॉड्यूल बनवून भागत नाही, कनेक्शन ट्रॅकिंग चालू केलं की कर्नल प्रत्येक पॅकेट ज्यात ठेवतो त्या एसके-बफ स्ट्रक्चरमध्ये एक फील्ड वाढतं, म्हणून अख्खा कर्नल परत बिल्ड केला. रीबूटनंतर पहिल्याच डिगला उत्तर आलं, एवढं बरं वाटलं!

आता फायरवॉल, व्हीपीएन, पेनड्राइव्ह सगळं चालू असताना एलएसमॉडची यादी फाइलमध्ये सेव्ह करून ठेवलीये, पुढचा बिल्ड करताना एलएसमॉड व्हेरिएबलमधून लोकलमॉडकॉन्फिगला तीच फाइल देणार.