पिशवी न उघडता परत

अग्निशमन दल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आग येते. आमच्या केंद्रातलं वर्दीपुस्तक (वर्दी म्हणजे मदतीसाठी आलेला फोन) चाळलंत तर आगी कमीच सापडतील. झाडपडी, लिफ्टमध्ये अडकलेलं कुटुंब, संक्रांतीला मांज्यात लटकलेली घार, चेंबरमध्ये पडलेलं कुत्र्याचं पिल्लू, असलंच सगळं. पावसाळा लागला की त्यात साप येतात. बिळांत पाणी शिरतं, साप बाहेर पडतात आणि पुण्यात पाषाण-बावधनकडे टेकडीला खेटून जे बंगले आहेत तिथून फोन सुरू होतात. साप धरायचं शिक्षण घेतलेले आमच्यात मोजकेच. त्यामुळे माझी पाळी असली की सापाची वर्दी माझ्या नावावर.

त्या दिवशी कंट्रोलवरून आलेली वर्दी अशी होती: पाषाण, बंगला, घराच्या मागे नाग-नागिणीची जोडी, घरात दोन ज्येष्ठ नागरिक. मृगाचा पहिला जोरदार पाऊस आदल्या रात्री होऊन गेला होता आणि सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. हुक, पिशवी, गमबूट घेऊन निघालो. चालक मामांनी गाडी फाटकाबाहेर लावली आणि नेहमीप्रमाणे काचा वर करून आतच बसले. आगीत उडी घेतील, पण सापाच्या वर्दीला ते खाली उतरत नाहीत.

परसात नेमकं कुठं बघायचं हे मला काकूंनी सांगायच्या आधी पाखरांनी सांगितलं. शेवग्यावर बुलबुल आणि साळुंक्या जमल्या होत्या, खारी शेपट्या झटकत होत्या आणि सगळ्यांचा कालवा एकाच जागेवर रोखलेला. साप शोधताना बॅटरीपेक्षा माझी भिस्त या मंडळींवर जास्त असते.

दगडी हौदाच्या पुढे, कर्दळीच्या वाफ्यापाशी दोन धामणी. सहा-सात फुटांच्या तर सहज. खालचं अंग एकमेकींभोवती पिळलेलं आणि पुढचा हात-दीड हात भाग जमिनीपासून सरळ वर उचललेला. एकीने दुसरीच्या डोक्यावर मान टाकायची आणि दाबत दाबत खाली न्यायची. दुसरी शेवटच्या क्षणी निसटायची आणि पुन्हा वरचढ व्हायची. सगळी मातीतली कुस्ती, फक्त आवाज नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही. जवळ गेल्यावर ओल्या पानांवर खवले घासल्याची खसखस येत होती आणि मधूनच दोघी हौदावर धडकल्या की धप्प. लोळत लोळत त्यांनी मोगऱ्याची एक कुंडी आडवी केली. माझ्याकडे दोघींचंही लक्ष नव्हतं. एरवी माणसाची चाहूल लागताच धामण अशी सुसाट सुटते की शेपूटच दिसतं. इथं मी तिच्या डोळ्यातली गोल बाहुली बघू शकत होतो, ओठांच्या खवल्यांच्या काळ्या कडा मोजू शकत होतो.

"नागच ना?" काका खिडकीतून. फणा नाही, डोळे मोठे, अंगाच्या मागच्या भागावर काळपट आडव्या रेषा, हे मी त्यांना तिथूनच दाखवलं. धामण, बिनविषारी. नाग हा नर आणि धामण त्याची मादी ही समजूत अजून शहरातसुद्धा जिवंत आहे. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या जाती, त्यांचा संसार जमणं शक्य नाही.

एवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या वहिनी आल्या, हातात नवा कोरा खण. "दादा, एवढा त्यांच्या अंगावर टाका ना. साप जुळलेले असताना टाकलेलं वस्त्र देव्हाऱ्यात ठेवलं की घरात काही कमी पडत नाही म्हणतात."

"वहिनी, हे दोघं गडी आहेत."

काका खिडकीत इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण खरंच तसंच होतं. नर-मादी जुळतात तेव्हा बहुतेक वेळ जमिनीलगतच असतात, एकमेकांना खाली दाबायची चढाओढ नसते. असं उभं राहून डोकं दाबणं म्हणजे दोन नरांची झुंज. मादीवर हक्क कुणाचा ते ठरवायची रीत. चावाचावी जवळजवळ नसतेच. वरून कापड पडलं तर दोघं बिथरून वाट मिळेल तिकडे सुटतील, आणि वहिनींच्या स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. हे सांगितल्यावर खण घडी होऊन परत गेला. वहिनी मात्र गेल्या नाहीत, कुंपणाला टेकून उभ्या राहिल्या.

वॉकीटॉकीवर तांडेल, म्हणजे आमच्या पथकाचे म्होरके. "धरला का?"

"नाही साहेब. धरायचा नाहीये."

"मग काय करतोयस?"

"बघतोय."

पलीकडे जरा वेळ नुसती खरखर. मग म्हणाले, "बघून झालं की कळव."

यात मी काही कामचुकारपणा करत नव्हतो. साप माणसाच्या घरात असेल तर तो काढणं हे माझं काम. हे दोघे उघड्या परसात होते, टेकडी समोर होती, घराची दारं बंद करता येत होती. झुंजीतल्या सापांना हुक लावायचा, पिशवीत कोंबायचं आणि दूर कुठं तरी नेऊन सोडायचं, यात भलं कुणाचंच नाही. नव्या जागी सापाला ना बीळ माहीत, ना पाणी, ना शत्रू. तो नुसता भरकटतो. वर वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, सापाला उगाच हात लावायची मुभा तो देत नाही.

मी काकूंना बाहेर बोलावलं. व्हरांड्यात दोन खुर्च्या मांडल्या, अंतर भरपूर ठेवलं. काकूंनी आधी पदराचं टोक तोंडावर धरलं होतं, मग ते सुटलं आणि त्या चक्क बाजू घ्यायला लागल्या. "तो फिक्कट आहे ना, तो जिंकणार बघा." मामासुद्धा गाडीतून उतरले आणि मोबाइल पुढे धरून फाटकाच्या आत एक पाऊल टाकून उभे राहिले.

संपलं ते मात्र फटकन. एकाने पीळ सोडला आणि तो फाटकाच्या दिशेने निघाला, थेट मामांच्या बुटांजवळून. मामा हलले नाहीत. नंतर म्हणाले धीर धरला म्हणून; मला विचाराल तर पायच उचलले नसतील. दुसरा डोकं वर करून क्षणभर थांबला आणि सावकाश पालापाचोळ्याच्या खड्ड्याकडे गेला. काकूंचा फिक्कट हरला होता.

"आता हा इथंच राहणार?" काकूंचा खरा प्रश्न हा होता. मी त्यांना भिंतीच्या पायाशी घुशींनी उकरलेली माती दाखवली. काकू रोज पाखरांना बाजरी-तांदूळ टाकायच्या, उरलेलं रात्रभर तसंच. दाण्यावर घुशी आणि उंदीर, त्यांच्यावर धामण. साप नेला तरी खानावळ चालूच राहणार, आणि पुढचं गिऱ्हाईक धामणच असेल याची हमी कोण देणार? उंदराच्या मागावर घोणस येते, नागही येतो.

"म्हणजे पाखरांना घालायचं बंद करू?" आवाज थोडा चढलाच.

"घाला की. पाखरांना पुरेल तेवढंच, आणि संध्याकाळी अंगण झाडून घ्या. पाण्याची कुंडी राहू द्या. रात्री मागे जाताना बॅटरी आणि पायात बूट. घराच्या आत साप दिसला तर हात न लावता, त्याच्यावर नजर ठेवून आम्हाला फोन."

त्यावर त्यांनी मला इथं कोण कोण येतं त्याची यादीच ऐकवली: भारद्वाज, मुंगसाचं जोडपं, एकदा हौदाच्या भिंतीवर घोरपड. इतकी वर्षं बघत होत्या, पण कुणाला सांगितलं की समोरचा म्हणायचा, औषध मारून घ्या.

केंद्रात परतल्यावर पुस्तकात काय लिहायचं यावर अर्धा तास खल झाला. "साप पकडून निसर्गात मुक्त केला" हे आमचं ठरलेलं वाक्य इथं चालेना. शेवटी तांडेलांनीच लिहिलं: "साप स्वतःहून निघून गेला. रहिवाशांना माहिती दिली."

पुढच्या आठवड्यात त्याच बंगल्यातून 101 वर फोन. आग नव्हती, सापही नव्हता. मुंगूस पिल्लं घेऊन हौदावर आलंय, त्या दादांना लगेच सांगा. तांडेलांनी निरोप शांतपणे लिहून घेतला, काकूंना माझा मोबाइल नंबर दिला आणि म्हणाले, "बाई, मुंगसासाठी यापुढे हा. तो एक आगीसाठी राहू द्या."