पंचभूतांची पाच शिवालयं : शहाद्याहून केलेली यात्रा

आमच्याकडे महादेवाची पूजा हाताने होते. प्रकाशाला केदारेश्वरला जायचं, तापीवरून तांब्या भरून आणायचा, पिंडीवर ओतायचा, बेल वाहायचा, पिंडीला हात लावून तो डोळ्यांना लावायचा. सासूबाईंचं सगळं आयुष्य असंच गेलं. पृथ्वी, जल, अग्नी, वायू, आकाश या पाच तत्त्वांची दक्षिणेतली पाच शिवमंदिरं बघायची ही इच्छाही त्यांचीच. संक्रांत झाली, कपाशीची वेचणी उरकली आणि सासरे (आम्ही त्यांना नाना म्हणतो), सासूबाई (त्यांना आई) आणि मी निघालो. नंदुरबारला जाताना वाटेत प्रकाशाला थांबून आईंनी तापीचं पाणी बाटलीत भरून घेतलं. पाचही ठिकाणी थोडं थोडं वाहायचं, असं त्यांच्या मनात होतं.

नंदुरबारहून नवजीवन एक्स्प्रेस थेट चेन्नईला जाते, त्यामुळे गाडी बदलायची दगदग नाही. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कळण्याच्या पिठाचा डबा. चेन्नईत ड्रायव्हरसह गाडी ठरवली. ड्रायव्हरला कामापुरती हिंदी येत होती. कालहस्ती, कांचीपुरम, तिरुवण्णामलै, तिरुचिरापल्लीजवळचं तिरुवानैकावल, चिदंबरम आणि परत चेन्नई, असा गोल मार्ग धरला. वयस्कर माणसं सोबत असतील तर हाच क्रम धरा, उलटसुलट फेरे पडत नाहीत.

श्रीकालहस्ती एकटं आंध्रात आहे, बाकी चारही तामिळनाडूत. तिथे राहू-केतूच्या पूजेची एवढी गर्दी असते की वायुलिंगाला आलेला माणूसही त्या रांगेत ओढला जातो. बाहेर पूजा करून देतो म्हणणारे मागे लागतात. तिकीट देवस्थानच्या खिडकीवरच घ्यावं, आणि नुसतं दर्शन हवं असेल तर तसं स्पष्ट सांगावं. गाभाऱ्यासमोर आल्यावर आधी दिव्यांकडे बघा. आत वाऱ्याला वाट नाही, बाकीच्या ज्योती स्थिर, आणि एक ज्योत सारखी हलत असते. तीच वायूची खूण. मुख्य लिंगाला तिथे पुजारीसुद्धा हात लावत नाहीत. आईंनी बाटली पदराखाली धरली होती, ती तशीच राहिली.

कांचीच्या एकांबरेश्वरात मी सगळ्यात जास्त रमले. हे पृथ्वीलिंग वाळूचं. आंब्याच्या झाडाखाली पार्वतीने ते घडवलं, नदीला पूर आला तेव्हा वाहून जाऊ नये म्हणून तिने त्याला मिठी मारली, अशी कथा आहे. तापीचा पूर ज्याने पाहिलाय त्याला ती मिठी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. लिंग वाळूचं असल्यामुळे त्यावर पाणी घालत नाहीत, पाण्याचा अभिषेक खालच्या पीठाला होतो. पुजाऱ्याने हे हाताच्या खुणांनी समजावलं. आई बाहेर आल्या आणि आंब्यापाशी उभं राहून म्हणाल्या, "हाई पानी आते कोठे वाहू माय?" त्या खरंच कासावीस झाल्या होत्या. नाना म्हणाले, "थांब, पाण्याचं ठिकाण पुढे आहे."

तिरुवण्णामलैला डोंगरच शिव. अग्नी तिथे रोज दिसत नाही. कार्तिकी दीपमच्या रात्री माथ्यावर मोठी ज्योत पेटवतात, ती कोसों दूरवरून दिसते. एरवी प्रदक्षिणा हीच पूजा. वाट साधारण 14 किलोमीटरची, लोक अनवाणी चालतात. इंद्र, अग्नी, यम, निर्ऋती, वरुण, वायू, कुबेर, ईशान अशी आठ दिशांची आठ लिंगं वाटेवर लागतात, त्यामुळे थांबत थांबत चालता येतं. नाना आणि मी पहाटे अंधारात निघालो. ऊन चढायच्या आत संपवणं गरजेचं, डांबर तापल्यावर पाय ठेवता येत नाही. गुडघ्यांमुळे आई रिक्षाने फिरल्या. पौर्णिमेला तिथे माणसांचा पूर लोटतो, म्हातारी माणसं असतील तर ती तिथी टाळावी.

तिरुवानैकावलचं मंदिर कावेरी आणि कोळ्ळिडम यांच्या मधल्या बेटावर, श्रीरंगमच्या शेजारी आहे. जंबुकेश्वराच्या गाभाऱ्यात जमिनीतून पाणी पाझरतं. समोर नऊ छिद्रांची दगडी जाळी आहे, तिच्यातून दर्शन होतं. इथे भर दुपारीच जावं. माध्यान्ह पूजेला पुजारी साडी नेसून, अखिलांडेश्वरी देवीच्या रूपात महादेवाची पूजा करायला येतो आणि मग गाईची पूजा करतो. आम्ही खांबाला टेकून उभे होतो. साडी नेसलेले ते वयस्कर गृहस्थ समोरून गेले तेव्हा आईंनी आपोआप पदर डोक्यावर घेतला, देवीपुढे घेतात तसा. दर्शन झाल्यावर त्यांनी मला कावेरीच्या घाटावर नेलं, पाण्यात उतरल्या आणि तापीची बाटली तिथे रिती केली. त्यानंतर पाण्याचा विषय त्यांनी काढला नाही.

चिदंबरमला मुख्य स्थानी लिंग नाही, नटराज आहे. पुरुषांना सदरा काढून जावं लागतं, उपरणं जवळ असू द्या. नटराजाच्या बाजूला एक पडदा आहे. तिथले पुजारी, म्हणजे दीक्षित, तो सरकवतात तेव्हा मागे मूर्ती दिसत नाही, मोकळ्या जागेवर सोन्याच्या बेलपानांच्या माळा लोंबतात. हेच आकाशलिंग. पडदा क्षणभरच उघडतो, म्हणून गर्दीत ढकलाढकली न करता आधीच समोरची जागा धरावी. नानांना ते बघून रडू आलं. आयुष्यभर हाताने पूजा केली, आणि इथे हात लावायला काहीच नाही, तरी पूजा पूर्ण झाली, असं ते मला नंतर म्हणाले.

ही पाचही मंदिरं नकाशावर एका सरळ रेषेत आहेत, असा मेसेज फिरत असतो. कालहस्ती, कांची आणि चिदंबरम जवळपास एकाच रेखांशावर येतात हे खरं आहे. उरलेली दोन मात्र पश्चिमेला सरकलेली आहेत.

जाणाऱ्यांनी दुपारच्या बंद वेळा आधी विचारून घ्याव्यात. कालहस्ती दिवसभर उघडं असतं, पण बाकीची मंदिरं दुपारी बंद होतात आणि चिदंबरम थेट संध्याकाळीच उघडतं. तिरुवानैकावलची माध्यान्ह पूजा सोडली तर प्रवास दुपारी आणि दर्शन सकाळ-संध्याकाळ ठेवलं की धावपळ होत नाही.